टर्मिनल ताब्यात घेताना आणि परत देताना

सी शिकायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास पडतो: नुसतं 'वाय' दाबलं की प्रोग्रामला कळायला हवं, एंटर कशाला? गेटचार वापरून होतो, स्कॅनएफ वापरून होतं, एंटर काही सुटत नाही. मग सीनियरच्या जर्नलमध्ये टर्बो सी च्या काळातलं कॉनिओ सापडतं आणि ते लिनक्सवर कंपाइलच होत नाही. अडचण तुमच्या कोडमध्ये नाही आणि सी लायब्ररीतही नाही. ती कर्नलमध्ये आहे, आणि तिथवर पोचायचा रस्ता म्हणजे टर्मिऑस, टर्मिनलची सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीच्या सी फंक्शनांचा संच.

सुरू करण्याआधी लिपीबद्दल. इथे कमांड, फंक्शनं आणि फ्लॅग उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी घ्यायचे: कमांड आणि फंक्शनं लहान अक्षरांत, फ्लॅग (चालू-बंद करायच्या सेटिंग) मोठ्या अक्षरांत, फक्त एसटीटीवाय कमांडला देताना तेही लहान. स्पेलिंग अडलं तर 'मॅन ३ टर्मिऑस' उघडा, टर्मिऑसची बहुतेक नावं त्या एका पानावर आहेत. हे पान दुसऱ्या खिडकीत उघडं ठेवूनच काम करावं, पाठ करण्यासारखं त्यात काही नाही.

मधला माणूस

टर्मिनलमध्ये 'स्लीप २०' चालवा आणि त्या वीस सेकंदांत काहीतरी टाइप करा. अक्षरं पडद्यावर उमटतात. स्लीप तर कीबोर्डकडे बघतही नाही, मग अक्षरं उमटवली कोणी? कर्नलमधल्या टीटीवाय ड्रायव्हरने. कीबोर्ड आणि प्रोग्राम यांच्यामध्ये हा बसलेला असतो आणि त्याच्या या थराला लाइन डिसिप्लिन म्हणतात. अक्षर पडद्यावर परत पाठवणं, बॅकस्पेसने शेवटचं अक्षर खोडणं, कंट्रोल-यू ने पूर्ण ओळ पुसणं, कंट्रोल-सी दिसलं की सिग्नल पाठवणं ही सगळी त्याची कामं. एंटर येईपर्यंत तो ओळ स्वतःजवळ धरून ठेवतो आणि मग एकदम प्रोग्रामच्या हातात देतो. याला कॅनॉनिकल मोड म्हणतात.

धरून ठेवायलाही मर्यादा आहे. लिनक्सवर एंटर धरून ४०९६ बाइट. त्याहून लांब ओळ पेस्ट केली तर वरचा मजकूर गुपचूप टाकला जातो, एरर येत नाही. लांबलचक जेसॉन किंवा टोकन एका ओळीत पेस्ट केल्यावर 'अर्धंच आलं' अशी तक्रार असेल, तर आधी ही शंका घ्यावी.

टीटीवाय हे नाव टेलिटाइपवरून आलंय. टेलिटाइपचं मॉडेल ३३ हे यंत्र ११० बॉडवर सेकंदाला १० अक्षरं छापायचं. गाडी डावीकडे नेणं हा एक कोड आणि कागद एक ओळ वर सरकवणं हा दुसरा. आज तुमच्या एंटरमधून १३ हा कोड निघतो आणि प्रोग्रामला १० मिळतो, ती त्याच यंत्राची पुण्याई. मधली अदलाबदल आयसीआरएनएल हा फ्लॅग करतो.

आता 'एसटीटीवाय -ए' चालवा, ही कमांड टर्मिनलची सध्याची सेटिंग दाखवते. ज्या नावाआधी उणे चिन्ह आहे तो फ्लॅग बंद, बाकी चालू. वर बॉडचा, म्हणजे वेगाचा, आकडा दिसतो, तो खिडकीतल्या टर्मिनलला लागू नाही, सोडून द्या.

एक प्रयोग करून बघाच. नुसतं 'कॅट' चालवा: ओळ टाइप करा, एंटर दाबा, ओळ पुन्हा छापली जाते. कंट्रोल-डी ने बाहेर या. मग 'एसटीटीवाय -आयकॅनॉन' देऊन पुन्हा 'कॅट'. आता प्रत्येक अक्षर जागच्या जागी दोनदा दिसेल, एकदा ड्रायव्हरचा इको आणि एकदा कॅटचं उत्तर. आणि कंट्रोल-डी ने कॅट संपणार नाही, कारण 'इनपुट संपलं' हा त्याचा अर्थ फक्त कॅनॉनिकल मोडमध्ये असतो. कंट्रोल-सी मात्र चालतं, ते आयसिग या वेगळ्या फ्लॅगवर आहे. नंतर टर्मिनल पूर्ववत करायला 'एसटीटीवाय सेन' द्या.

या प्रयोगातली लक्षात ठेवायची गोष्ट: एसटीटीवाय संपलं तरी त्याने केलेला बदल राहिला. सेटिंग टर्मिनलची असते, प्रोग्रामची नसते. कॉट बेसिसवर राहायला आलेला जसा भिंतीला खिळे ठोकताना विचार करतो, तसा विचार इथे करायचा. तुमच्यानंतर तिथे शेल राहायला येणार आहे.

कोडमध्ये उतरताना

पहिलं काम, समोर खरंच टर्मिनल आहे का हे 'आयसॅटी(०)' ने विचारा. पाइपमधून किंवा फाइलमधून इनपुट आलं असेल तर टीसीगेटअॅटर −१ देतो आणि 'इनअॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस' असा गूढ संदेश दिसतो. अशा वेळी मोड बदलायच्या भानगडीत न पडता साधं वाचत राहावं.

मग आहे ती स्थिती उचला, प्रत ठेवा आणि प्रतीत बदल करा:

स्ट्रक्ट टर्मिऑस जुनी, नवी;
टीसीगेटअॅटर(०, &जुनी);
नवी = जुनी;
नवी.सी_एलफ्लॅग &= ~(आयकॅनॉन | इको);
नवी.सी_सीसी[व्हीमिन] = १;
नवी.सी_सीसी[व्हीटाइम] = ०;
टीसीसेटअॅटर(०, टीसीएसएफ्लश, &नवी);

यातली चौथी ओळ सर्वांत जास्त चुकते. '&= ~' च्या जागी नुसतं '=' पडलं की ते दोनच फ्लॅग चालू राहतात, उरलेले सगळे बंद होतात आणि टर्मिनल भलतंच वागायला लागतं. काहीजण '^=' वापरतात. ते पहिल्यांदा चालतं, पण फ्लॅग आधीच बंद असेल तर तो चालू होतो. बंद करायला '&= ~', चालू करायला '|=', याखेरीज तिसरं काही लिहू नये. आणि स्ट्रक्टमध्ये मेमसेटने शून्य भरून सुरुवात करू नका. आधीच्या मालकाने काय ठेवलं होतं ते तुम्हाला माहीत नाही.

टीसीसेटअॅटरच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटला तीन पर्याय आहेत. टीसीएसएनाऊ म्हणजे आत्ता. टीसीएसएड्रेन म्हणजे बाहेर जाणारं सगळं छापून झालं की. टीसीएसएफ्लश म्हणजे ड्रेन करून, शिवाय न वाचलेलं इनपुट फेकून. पासवर्ड विचारताना फ्लश बरा. पण कोणी चार ओळी एकदम पेस्ट केल्या असतील आणि तुम्ही दर ओळीला फ्लशने मोड बदलत असाल, तर दुसरी ओळ कधी पोचणारच नाही.

याच फंक्शनची एक खोड आहे. मागितलेल्या बदलांपैकी एक जरी लागू झाला तरी ते ० परत करतं. म्हणून महत्त्वाचं असेल तिथे पुन्हा टीसीगेटअॅटर करून फ्लॅग तपासावेत. खिडकीतल्या टर्मिनलवर सहसा याची गरज पडत नाही, सिरीयल पोर्टवर पडते.

व्हीमिन, व्हीटाइम

आयकॅनॉन बंद केल्यावर 'ओळ संपली' ही खूण उरत नाही. मग रीड ने कधी परतायचं? ते या दोन आकड्यांवर ठरतं: व्हीमिन म्हणजे निदान किती बाइट यायला हवेत, व्हीटाइम म्हणजे किती वेळ थांबायचं. खालच्या जोड्यांत आधी व्हीमिन, मग व्हीटाइम. व्हीटाइम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात आणि तो एका बाइटात बसतो, म्हणजे जास्तीत जास्त २५५, साडेपंचवीस सेकंद.

१ आणि ०: एक बाइट येईपर्यंत थांब. सुरुवातीला हीच जोडी वापरा.

० आणि ०: अजिबात थांबू नको, असेल ते दे. हे लूपमध्ये टाकलं की लॅपटॉपचा पंखा बोलायला लागतो, कारण एक कोअर नुसता 'काही आलं का' विचारण्यात जातो.

० आणि ५: अर्धा सेकंद वाट बघ, नाहीतर रिकाम्या हाताने परत ये. गेममध्ये किंवा सतत बदलणाऱ्या डॅशबोर्डमध्ये हे कामाचं. इथे रीड ० परत करतो आणि गेटचार त्याचा अर्थ 'फाइल संपली' असा लावतो. तेव्हा नॉन-कॅनॉनिकल मोडमध्ये सरळ रीड वापरा, स्टडआयओची सरमिसळ नको.

दोन्ही शून्याहून मोठे, समजा १० आणि ५: इथे भले भले फसतात. घड्याळ पहिला बाइट आल्यानंतर सुरू होतं आणि दोन बाइटांमधलं अंतर मोजतं. पहिला बाइट आलाच नाही तर रीड अनंतकाळ बसून राहतो. 'टाइमआउट दिलाय तरी हँग होतं' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

व्हीमिन भरायलाच विसरलात तर? लिनक्सच्या पीसीवर बहुतेक वेळा काही बिघडत नाही, तिथे आधीच १ असतो. पण सोलारिससारख्या काही सिस्टिमवर व्हीमिन आणि कंट्रोल-डी चा कोड एकाच खान्यात राहतात. कंट्रोल-डी चा कोड ४. परिणाम: चार की दाबल्याशिवाय प्रोग्राम हलत नाही. दोन ओळी लिहायचे कष्ट घ्या.

बाणांच्या की हाही इथलाच विषय. वरचा बाण म्हणजे एक बाइट नव्हे, साधारणपणे २७, ९१, ६५ असे तीन. नुसती एस्केप कीसुद्धा २७ च पाठवते. म्हणून २७ आला की व्हीमिन ०, व्हीटाइम १ करून पुढचा बाइट वाचायचा: आला तर बाण, नाही आला तर एस्केप. संथ नेटवरून दूरच्या सर्व्हरवर काम करताना हे तीन बाइट सुटे सुटे येऊ शकतात आणि बाणाचा एस्केप होतो. तिथे व्हीटाइम २ किंवा ३ करा.

परत देणं

जुनी स्थिती परत ठेवणारं फंक्शन लिहा आणि मोड बदलण्याआधीच ते अॅटएक्झिटने नोंदवा. मेन संपला किंवा कोणी एक्झिट बोलावलं की ते चालेल. सिग्नलने प्रोग्राम मेला तर चालणार नाही. म्हणून सिगइंट, सिगटर्म आणि सिगहप यांना हँडलर लावा. हँडलरमध्ये टीसीसेटअॅटर बोलावायला पॉसिक्सची परवानगी आहे, प्रिंटएफला नाही. शेवटी '_एक्झिट'. सिगकिलवर कोणाचाच इलाज नाही.

इथे बॅश तुम्हाला फसवतं, तेही चांगुलपणाने. प्रोग्राम सिग्नलने मेला की बॅश स्वतःच टर्मिनल पूर्ववत करतं. त्यामुळे कंट्रोल-सी देऊन तपासलं तर सगळं छान दिसतं. पण प्रोग्राम एरर येऊन एक्झिट(१) ने बाहेर पडला तर बॅश समजतं की बदल मुद्दाम केलाय, आणि तसाच ठेवतं. तेव्हा चाचणी घेताना दोन्ही वाटांनी बाहेर पडून बघा.

कंट्रोल-झेड वेगळं. सिगटीएसटीपी आला की जुनी स्थिती ठेवायची, सिग्नलचं मूळ वागणं परत लावून तो स्वतःलाच पुन्हा पाठवायचा, आणि सिगकॉन्ट आल्यावर नवी स्थिती पुन्हा लावायची. हे जमेपर्यंत आयसिग बंद करण्याचा शॉर्टकट घेऊ नका. आयसिग बंद आणि बाहेर पडायची की लिहायची राहिली, तर दुसरी खिडकी उघडून किल करण्यावाचून पर्याय उरत नाही.

प्रोग्राम मागे अँपरसँड लावून चालवला आणि तो टीसीसेटअॅटर करायला गेला, तर कर्नल त्याला सिगटीटीओयू पाठवून जागीच थांबवतो. हा बग नाही. टर्मिनल त्या घडीला दुसऱ्याच्या ताब्यात आहे, एवढाच अर्थ.

टर्मिनल बिघडलंच तर: टाइप केलेलं दिसत नसलं तरी पोचत असतं. कंट्रोल-जे दाबा, 'एसटीटीवाय सेन' आंधळेपणाने टाइप करा, पुन्हा कंट्रोल-जे. एंटर नको, कारण आयसीआरएनएल बंद असेल तर एंटरमधून १३ च जातो. कंट्रोल-जे मधून थेट १० निघतो. रंग किंवा अक्षरं बिघडली असतील तर 'रिसेट'. आणि सगळं गोठल्यासारखं वाटलं तर आधी कंट्रोल-क्यू: सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलेलं असतं आणि आउटपुट थांबलेलं असतं. संपूर्ण खिडकी बंद करण्याआधी एवढं करून बघायला हरकत नाही.

आउटपुट पायऱ्या-पायऱ्यांनी उजवीकडे सरकत असेल, तर ओपोस्ट, म्हणजे आउटपुटवर प्रक्रिया करणारा फ्लॅग, बंद झालाय. सीएफमेकरॉ (ड्रायव्हरची बहुतेक प्रक्रिया एकदम बंद करणारं फंक्शन) वापरलं की हे होणारच. एक तर ओपोस्ट परत चालू करा, नाहीतर प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही पाठवा.

पासवर्ड

इथे फक्त इको बंद करा, आयकॅनॉन चालूच ठेवा. म्हणजे बॅकस्पेसचं काम ड्रायव्हरच करतो. इकोएनएल चालू केलं की एंटरनंतर कर्सर पुढच्या ओळीवर जातो, नाहीतर पुढचा मजकूर प्रॉम्प्टलाच चिकटतो. वाचायचं स्टडइनमधून नव्हे, '/डेव्ह/टीटीवाय' उघडून. प्रोग्रामला फाइल पाइपने दिलेली असली तरी पासवर्ड माणसाकडूनच यायला हवा.

मराठी टाइप केल्यावर

इंग्रजी लेखांत हे सहसा येत नाही, आणि आपल्याला ते रोज लागतं. 'पुणे' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १२ बाइटांचा आहे: प, उकार, ण, मात्रा, प्रत्येकी ३ बाइट. नॉन-कॅनॉनिकल मोडमध्ये एकेक बाइट वाचणाऱ्या प्रोग्रामला तो बारा तुकड्यांत मिळतो. प्रत्येक तुकडा लगेच छापत किंवा तपासत बसलात तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. पहिला बाइट २२४ ते २३९ असेल तर आणखी दोन येणार आहेत. ते येईपर्यंत थांबा.

कॅनॉनिकल मोडमध्ये आययूटीएफ८ हा फ्लॅग बघा. तो बंद असेल तर बॅकस्पेस एकच बाइट खोडतो आणि दोन बाइटांचा राडा मागे उरतो. चालू असेल तर पूर्ण घटक खोडला जातो, पण तरीही गंमत होते. 'कॅट' चालवा, आधी 'शहर' आणि एक स्पेस टाइप करा, मग 'पुणे', आणि चार वेळा बॅकस्पेस. ड्रायव्हर हिशेबाने चार घटक खोडतो आणि दर वेळी कर्सर एक घर मागे नेतो. पण उकार आणि मात्रा यांनी पडद्यावर घर व्यापलेलंच नसतं. 'पुणे' दोन घरांत बसलेलं, कर्सर गेला चार घरं मागे. 'शहर' नंतरची स्पेस आणि 'र' पडद्यावरून पुसले गेले, बफरमध्ये मात्र जसेच्या तसे आहेत. एंटर दाबलंत की कॅट 'शहर' पूर्ण छापून दाखवतो. मराठी नावं विचारणारा प्रोग्राम लिहायचा असेल तर ओळ संपादनाचं काम रीडलाइनसारख्या लायब्ररीकडे द्यावं, ड्रायव्हरवर सोडू नये.

आयस्ट्रिप चालू असेल तर त्याहून वाईट. हा फ्लॅग प्रत्येक बाइटाचा आठवा बिट कापतो. 'क' चे बाइट २२४, १६४, १४९. कापल्यावर उरतात ९६, ३६ आणि २१. यातला २१ म्हणजे कंट्रोल-यू, ओळ पुसायचा कोड. म्हणजे 'क' टाइप केला की त्याआधी लिहिलेली पूर्ण ओळ गायब.

सिरीयल पोर्ट

भोसरी-चाकणकडच्या एखाद्या वर्कशॉपमधला वजनकाटा संगणकाला जोडायचा म्हटला तरी हेच टर्मिऑस. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळेल, पण कोणता घ्यायचा ते ठरवून जा. काट्याचा नऊ पिनांचा पोर्ट आरएस-२३२ असतो, त्यावर अधिक-उणे व्होल्टेज येतं आणि ते १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. उघड्या पिनांचं सीएच३४० किंवा सीपी२१०२ मॉड्यूल ३.३ किंवा ५ व्होल्टचं. थेट जोडलंत तर मॉड्यूल जळेल. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स२३२ चिप हवी, किंवा नऊ पिनांचं तयार आरएस-२३२ कन्व्हर्टरच घ्या.

जोडल्यावर 'डीमेसेज' मध्ये नाव दिसेल, बहुधा '/डेव्ह/टीटीवाययूएसबी०'. परवानगी नाकारली तर उबंटू-डेबियनवर स्वतःला 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. नुसती नवी खिडकी उघडून भागत नाही.

उघडताना ओ_नॉकटीटीवाय द्या, नाहीतर तो पोर्ट तुमच्या प्रोग्रामचं नियंत्रक टर्मिनल होऊन बसू शकतो. ओ_नॉनब्लॉकही द्या, कारण सीलोकल बंद असेल तर ओपन पलीकडच्या मोडेमच्या सिग्नलची वाट बघत अडकतं. सेटिंग झालं की एफसीएनटीएलने नॉनब्लॉक काढा. मग सीएफमेकरॉ, पाठोपाठ सीलोकल आणि सीरीड चालू. वेगासाठी सीएफसेटस्पीडला बी९६०० हा स्थिरांकच द्या. नुसता ९६०० नको, कित्येक लिनक्स मशीनवर त्या स्थिरांकाची किंमत ९६०० नसतेच. काट्याचा वेग, पॅरिटी आणि बिट मॅन्युअलमधूनच घ्या. ७ बिट आणि सम पॅरिटी निघाली तर सीएफमेकरॉनंतर सीएसआयझेड साफ करून सीएस७ आणि पॅरेन्ब लावावे लागतील.

सीएफमेकरॉ सगळं साफ करतं असा समज आहे. ते सीएसटॉपबी, सीआरटीएससीटीएस आणि आयएक्सऑफ यांना हात लावत नाही. कन्व्हर्टर काढून परत लावला नसेल तर काल दुसऱ्या प्रोग्रामने ठेवलेले हे फ्लॅग आजही तसेच असतात. तिन्ही स्वतः बंद करा. आयएक्सऑन चालू राहिला तर १७ आणि १९ हे बाइट ड्रायव्हर गिळतो. आयसीआरएनएल राहिला तर १३ चा १० होतो. काट्याच्या साध्या अक्षरी ओळीत हे लवकर कळत नाही, पण मॉडबस आरटीयूसारख्या बायनरी प्रोटोकॉलमध्ये मधूनच एखादी फ्रेम चेकसमला नापास होते आणि माणूस केबल बदलत बसतो.

९६०० बॉडवर, ८ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं असेल तर एका बाइटाला स्टार्ट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. १६ बाइटांची वजनाची ओळ यायला साधारण १७ मिलिसेकंद. एका रीडमध्ये ती पूर्ण येईल हे गृहीत धरू नका, आधी '००१२', मग '.४५०' अशी तुटून येते. ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत बफरमध्ये साठवा, मगच आकडा वाचा. पोर्ट उघडल्याबरोबर टीसीफ्लश करा, आणि पहिली ओळ अर्धवट असू शकते म्हणून सोडून द्या.

काट्याऐवजी अर्डुइनो उनो असेल तर पोर्ट उघडताच डीटीआर लाइन हलते आणि बोर्ड रिसेट होतं. बूटलोडर आवरेपर्यंत दोन सेकंद थांबा, मग पहिला बाइट पाठवा.